गेममधली म्हातारी आणि आमची आई

मी पोटासाठी खोटी माणसं बोलती करते. नवी मुंबईतल्या एका लहानशा कंपनीत मोबाइलवरचे गेम तयार होतात. त्यात नायकाला वाटेत जी माणसं भेटतात, म्हणजे नावाडी, सुतार, देवळाबाहेर बसलेला आंधळा वगैरे, त्यांची बोलणी मी इंग्रजीतून लिहिते. कामोठ्याला घरीच बसून लिहिते आणि आठवड्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवून येते. काय काम करतेस असं कुणी विचारलं तर 'कंटेंट' म्हणते आणि विषय बदलते. खरं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे त्या गोळीबारातसुद्धा बोलतात का लोक?"

आमचा साहेब माझ्याहून बराच लहान आहे. हुशार आहे, मेहनती आहे, आणि त्याचं एक आवडतं वाक्य आहे: "हिला जरा ह्यूमन कर ना." कुठलंही पात्र लिहून दिलं की पहिल्या वाचनाला हे वाक्य येतंच. सुरुवातीला मी विचारात पडायची. मग कळलं, याचा अर्थ एवढाच की त्या पात्राचं कुणीतरी मेलेलं दाखव. त्यामुळे आमच्या गेममधल्या प्रत्येक बाईचं मूल गेलेलं असतं, प्रत्येक म्हाताऱ्या शिपायाचा मित्र लढाईत पडलेला असतो. पटकीच्या साथीत मेली नसतील एवढी पोरं मी एकटीनं मारली आहेत. खेळणाऱ्याचे डोळे भरून येतात, तो पुढे जातो, आणि पात्र ह्यूमन झालं म्हणून साहेब खूश होतो.

त्या वर्षी माझ्याकडे एक म्हातारी आली होती. डोंगरावर एक गाव असतं, तिथली वस्ती हळूहळू उठत असते, आणि नायकानं उरलेल्या माणसांना खाली नव्या गावात आणून सोडायचं असतं. जितकी माणसं आणाल तितके पॉइंट. सगळ्यात शेवटी राहते ही म्हातारी. ती यायला तयार नसते. का नसते, ते मी ठरवायचं होतं.

"तिचा मुलगा युद्धावर गेलाय आणि ती त्याची वाट बघतेय," मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाला.

मी तसं लिहिलं. दारात दिवा लावून बसणारी, येणाऱ्याजाणाऱ्याला मुलाचा ठावठिकाणा विचारणारी. साहेबाला आवडली. मला ती किराणा दुकानातल्या कॅलेंडरवरच्या बाईसारखी वाटत होती. सुंदर आणि सपाट. मी थोडी मुदत मागून घेतली, आणि त्याच आठवड्यात बाबा गेले.

सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले. हृदयविकार. त्रास झाला नाही, असं डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी आम्हाला सांगितलं. जुन्या पनवेलात बाजाराच्या अंगाला असलेल्या एका इमारतीत आईबाबांचा फ्लॅट. पंधरा मिनिटांत मी रिक्षानं पोचले, दादा दुपारपर्यंत पुण्याहून आला. तो माझ्याहून मोठा, मोठ्या पगाराचा, आणि लहानपणापासून घरातला शहाणा मुलगा. नातेवाईक जमले, पुढच्या खोलीत सतरंज्या पडल्या, शेजारून पिठल्याभाताची पातेली यायला लागली.

आई फारशी रडली नाही. म्हणजे रडली, पण आल्यागेल्यांना पुरेल इतकं नाही. त्यावरून कुजबुज झालीच. माझ्या एका मावशीनं तर तिला मुद्दाम जुन्या गोष्टी काढून रडवायचा प्रयत्न केला. रडली नाही तर मनात साठतं म्हणे.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले होते. आई आणि मी स्वयंपाकघरात कपबश्या पुसत होतो. एकाएकी ती हळू आवाजात म्हणाली, "मी आता एकटी राहणार."

मला वाटलं, तिला भरून आलंय. मी म्हटलं, "एकटी कशाला? माझ्याकडे चल की कामोठ्याला."

"नको. तुझ्याकडे नको आणि त्याच्याकडेही नको. एकटी राहणार म्हणतेय." तिनं दाराकडे पाहिलं. "मी कधी एकटी राहिलेच नाही गं. माहेरी घरभर माणसं. मग इथे सासूबाई, भाऊजी, तुम्ही दोघं, मग हे. मला एकदा बघायचंय."

"काय बघायचंय?"

"कसं असतं ते."

मग ती सांगायलाच लागली. बाबा अलिबागच्या कचेरीत होते तेव्हा पहाटेची एसटी पकडायचे, म्हणून ती पाचला उठायची. ते निवृत्त झाले तरी पाचचा चहा निवृत्त झाला नाही. आता आठपर्यंत झोपणार. पुढच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या दिवाणावर झोपणार, तो आजवर बाबांचा होता. रात्री स्वयंपाक करणार नाही, चिवडा खाईन नाहीतर काहीच नाही खाणार. संध्याकाळी तळ्यावर फिरायला जाईन आणि कुठे चाललीस, कधी येशील हे कुणाला सांगणार नाही. "आणि सुकट भाजणार," ती म्हणाली. बाबांना मासे चालायचे पण सुकटीचा वास सहन व्हायचा नाही, त्यामुळे लग्न झाल्यापासून तिनं घरात सुकट भाजली नव्हती, खाल्ली ती माहेरी गेल्यावर. "खिडक्या लावून भाजणार. घरभर वास सुटला पाहिजे." आणि ती हसली. तोंडावर हात दाबून, पोरीसारखी. पुढच्या खोलीत कुणीतरी कूस बदलली तशी गप्प झाली आणि पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला लागली.

मला धक्का बसला होता. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. पण धक्क्याच्या मागोमाग इतका आनंद झाला की काय सांगू. माझ्या आईला काहीतरी हवं होतं! आमच्यासाठी नव्हे, कुणाच्या भल्यासाठी नव्हे, तिला स्वतःला. इतक्या वर्षांत मी तिला 'मला हवं' असं म्हणताना ऐकलं नव्हतं. ती त्या दिवशी मला पहिल्यांदा आईखेरीज आणखी कुणीतरी दिसली.

दहाव्याला मी नदीवर गेले. आमच्याकडे बायका जात नाहीत, पण मी गेले, आणि काकांनी नाक मुरडलं तरी परत आले नाही. आई घरी होती.

पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. समोरच्या भिंतीवर, विजेच्या तारेवर, पाहिजे तेवढे. पण एकही खाली येईना. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "काही राहिलं असेल त्यांच्या मनात, तर बोला."

मग बोलणं सुरू झालं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना माहीत आहे. गेलेल्या माणसाची इच्छा काय असेल याचा अंदाज प्रत्येक जण हात जोडून पिंडाला सांगत असतो. काका म्हणाले, गावच्या घराचं छप्पर यंदा नक्की करून घेतो. कावळा आला नाही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते, तर शेजारचे गृहस्थ पुढे होऊन म्हणाले, "साहेब, लिफ्टचं काम आम्ही मार्गी लावतो." तरीही नाही. कुणीतरी बाबांना आवडायची म्हणून बटाट्याची भजी आणून पिंडाशेजारी ठेवली. माझ्याकडेही सगळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, माझी काळजी करू नका," आणि म्हणताना मला स्वतःलाच ते पुस्तकी वाटलं. खोट्या माणसांना काय हवंय ते ठरवण्याचा मला पगार मिळतो. बाबांना काय हवं होतं, कुणास ठाऊक. त्यांना हवं ते मागायच्या आधीच समोर येत होतं, पहाटे पाचपासून.

उन्हं चढली. दर्भाचा कावळा करून शिववून टाकू, असं गुरुजी पुटपुटले. तेव्हा दादा दोन पावलं पुढे गेला. तो म्हणाला, "बाबा, आईला मी पुण्याला घेऊन जातो. तिला एकटीला ठेवणार नाही. शब्द देतो."

आणि कावळा उतरला. एक उतरला, मागून दुसरा. पिंडाला चोच लागली. काकांनी मोठ्यानं "शिवला, शिवला" म्हटलं, शेजारच्या गृहस्थांनी डोळे पुसले, दादा तर लहान मुलासारखा रडायला लागला.

पिंडापासून हाताच्या अंतरावर, ओट्याच्या सावलीत, एक पिवळं कुत्रं भज्यांकडे बघत बसलं होतं. दादा पुढे झाला तसं ते उठलं आणि पलीकडे निघून गेलं. म्हणून कावळे उतरले. मी स्वतः पाहिलं. बाकी सगळे वर भिंतीकडे बघत होते.

परतताना रिक्षात मी दादाला विचारलं, "आईला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"तिला पुण्याला यायचंय का ते."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाबांच्या फोटोचा हार ओढून काढला. "अगं, बाबांचा जीव त्यात अडकला होता. तुझ्यासमोर झालं ना सगळं? तू कसं बोलू शकतेस असं?"

घरी पोचल्यावर त्यानं आईच्या पाया पडून तिला सांगितलं. काकांनी सगळा प्रसंग पुन्हा रंगवून सांगितला, लिफ्टसकट. मावशी म्हणाली, पोटी मुलगा असावा तर असा. खोलीभर लोक आईकडे बघत होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि म्हणाली, "बरं."

संध्याकाळी मी तिला गॅलरीत गाठलं. "नाही म्हण. अजून वेळ गेलेली नाही."

"कशी म्हणू? ह्यांना शांती मिळाली म्हणतात सगळे."

"आई, तिथून कुत्रं उठून गेलं म्हणून कावळा आला."

"तू बघितलंस?"

"हो."

खाली बाजारात टेम्पोवाल्यांची भांडणं चालली होती. "पण तू एकटीनंच बघितलंस ना," ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली.

तेराव्यानंतर ती पुण्याला गेली. बंद ठेवली की जागा खराब होते, म्हणून दादानं फ्लॅट भाड्यानं दिला. खिडकीजवळचा दिवाण भाडेकरूंना नको होता, तो वॉचमननं नेला.

दादाला वाईट म्हणायची सोय नाही, हीच माझी खरी चीड आहे. तो तिला छळत असता तर मी भांडले असते. तो तिला सोन्यासारखं ठेवतो. तिच्या तपासण्या करून घेतो, गुडघ्यांसाठी बूट आणतो, तिच्या खोलीत वेगळा टीव्ही लावून दिलाय. सोसायटी मात्र शुद्ध शाकाहारी आहे, अंडं आणलं तरी लोक वास काढत येतात. फिरायला ती खाली गेली की वहिनी गॅलरीतून लक्ष ठेवते, काळजीपोटी. नातू सातला शाळेत जातो, म्हणून आई साडेपाचला उठते. कुणी उठवत नाही तिला. भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर तिला पडून राहवत नाही.

माझी आई बडबडी बाई होती. फोनवर तिला थांबवावं लागायचं. पनवेलची मासळीवाली तिच्याशी भांडल्याशिवाय मापात टाकायची नाही. मध्ये मी बाजारात गेले तेव्हा तिनं मला ओळखलं आणि विचारलं, "आई कुटं हाय गं तुजी? बरेच दिस दिसली नाय." मी म्हटलं, पुण्याला, मुलाकडे. "बेस झाला," ती म्हणाली, "पोरानं नेली ती." सगळं जग खूश होतं. पुण्याहून फोन यायचा तो असा: "जेवलीस का? खोकला कमी आहे का? बरं, ठेवते." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या धंद्यात बिनमहत्त्वाच्या पात्रांना तीन वाक्यं देतात. नायकानं कितीदाही हटकलं तरी तीच तीन वाक्यं फिरून येतात, कारण त्यांच्यावर जास्त मेहनत घेणं परवडत नाही. मी अशी शेकडो पात्रं लिहिली आहेत. आईच्या तोंडून तसं ऐकायला लागल्यावर मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडायची, आणि मग रागानं लिहायला बसायची.

ती डोंगरावरची म्हातारी मी तेव्हा नव्यानं लिहिली. तिचा युद्धावर गेलेला मुलगा काढून टाकला. वाट बघणं काढलं, दिवा विझवला. नायक तिला म्हणतो, चला आजी, सगळे गेले. ती म्हणते, "गेले ना? नक्की सगळे गेले? मग दार लावून घे जाताना." तो म्हणतो, एकट्या कशा राहाल? ती म्हणते, "तेच तर बघायचंय." आणि मग त्याला सांगते की उद्यापासून ती ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपणार आहे, चूल पेटवावीशी वाटली तर पेटवणार आहे, आणि ज्या वासावरून सासरच्यांनी तिला जन्मभर टोकलं ते खारवलेले मासे घरभर वास सुटेपर्यंत भाजणार आहे. बस, एवढंच. खेळणाऱ्यानं मग ठरवायचं. तिला उचलून खाली आणलं तर पॉइंट मिळतात. वर राहू दिलं तर मिळत नाहीत. खाली आणलेली म्हातारी नव्या गावात एका ओसरीवर बसून असते. तिला केव्हाही विचारा, ती हसून म्हणते, "बरं आहे इथे."

साहेब गोंधळला. "पण यात सॅड काय आहे?"

"काहीच नाही. तिला राहायचंय."

"हो, पण का? बॅकस्टोरी काय? प्लेयरला फील काय होणार?"

मी त्याला म्हटलं, "तुझ्या आजीला काय हवंय, तुला माहीत आहे?" तो म्हणाला, माझी आजी मजेत आहे. गेम बाजारात यायची तारीख जवळ आली होती, दुसरं लिहायला वेळ नव्हता. म्हातारी तशीच गेली.

आणि गाजली. काही जणांनी लिहिलं की ते तिच्या दारातून मागे फिरले तेव्हा रडले. कुणी तिचं चित्र काढलं, चुलीवर मासे भाजतानाचं. कुणी म्हणालं, इतकं खरं माणूस गेममध्ये कधी भेटलं नव्हतं. साहेबानं सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि यापुढे प्रत्येक गेममध्ये 'अशी एक आजी' हवी म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्येक कौतुक वाचताना माझ्या मनात एकच यायचं: मेल्यांनो, तुमच्या घरात आतल्या खोलीत कोण बसलंय, ते बघा जरा.

एका रविवारी दुपारी दादाचा फोन आला. त्यानं आजवर माझा एकही गेम उघडून पाहिला नव्हता. मुलाच्या मोबाइलवर दिसला म्हणून खेळायला बसला आणि दोन दिवस खेळत राहिला, असं म्हणाला.

"तुझी ती म्हातारी," तो म्हणाला. "कमाल आहे गं. मी तिच्या दारात किती वेळ उभा होतो. मुलगा ओरडत होता, बाबा उचला, पॉइंट जातील. पण मी नाही हलवलं तिला. तिला तिथंच राहायचं होतं ना! आपण कोण ठरवणारे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकतेस ना? तू तिला इतकं खरं कसं केलंस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. जे बोलायचं होतं ते जिभेवर तयार होतं, कावळ्यासकट, कुत्र्यासकट. पण ते आधी जिचं होतं तिला विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "आईला फोन दे."

"आतल्या खोलीत आहे. थांब देतो," म्हणाला, आणि जाता जाता आनंदानं तिलाही सांगायला लागला की हिनं काय सुंदर म्हातारी लिहिलीय. मग दार लावल्याचा आवाज आला. आई फोनवर आली. मी तिला सगळं सांगितलं. म्हातारी कोण आहे, काय म्हणते, दादानं तिला डोंगरावर कसं राहू दिलं. "मी आत्ता त्याला सांगते, आई. फोन परत त्याच्याकडे दे."

मग तिनं विचारलं, "मासे भाजते ती?"

"हो."

"आणि कुणी येत नाही ओरडायला?"

"नाही. कुणीच नाही."

"छान," आई म्हणाली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "त्याला मात्र सांगू नकोस हं. इतकं करतो माझ्यासाठी. उगीच वाईट वाटेल त्याला."

म्हणून मी त्याला सांगितलेलं नाही. इथे लिहितेय, कारण तो मराठी वाचत नाही.